सर्व खुशाल आहे

दहावी-बारावीचे निकाल लागतात. जून महिना उजाडतो. मग पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर एक दृश्य रोज दिसू लागते.

लाल एस.टी. फलाटाला लागते. आतून एक मुलगा उतरतो. पूर्वी त्याच्या हातात पत्र्याची ट्रंक असे, आता चाकांची बॅग असते. दुसऱ्या हातात आईने भरून दिलेली पिशवी मात्र तीच. तिच्यात शेंगदाण्याची चटणी, चार दिवसांच्या भाकरी, कागदात बांधलेला गूळ. मुलगा फलाटावर उभा राहतो. इकडे बघतो, तिकडे बघतो. रिक्षावाला विचारतो, "कुठं जायचंय?" मुलगा म्हणतो, "कुठं नाही."

जायचे तर असते. पण कसे जायचे ते ठाऊक नसते, आणि विचारायची लाज वाटते.

वाचक बंधुभगिनींनो, हा मुलगा आपल्यापैकीच कुणाचा तरी असतो. कदाचित तुमचा, कदाचित तुमच्या भावाचा. कधी तो मुलगा असतो, कधी मुलगी असते. घर सोडून नव्या शहरात शिकायला आलेले हे पोर मोठे कसे होते? आणि ते मोठे व्हावे म्हणून आपण काय करावे? या पाठात आपण याचाच विचार करू.

पुणे हे शिकणाऱ्यांचे गाव

पुण्याला शिकायला येण्याची रीत जुनी आहे. १८२१ साली इथल्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८५४ साली इंजिनियरिंगचे शिक्षण देणारी शाळा निघाली. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

या कॉलेजांत पुण्याची मुले शिकली, तशी खेड्यापाड्यांतून आलेलीही शिकली. त्यांच्यापैकी एकाची गोष्ट सांगतो.

टेंभूचा मुलगा

सातारा जिल्ह्यात कराडजवळ टेंभू नावाचे गाव आहे. तिथे १८५६ साली एका गरीब घरात गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरात शिकवण्याची ऐपत नव्हती. नातेवाइकांच्या आधाराने आणि पडेल ते काम करून त्यांनी शाळा शिकली. १८७५ साली ते अकोल्याहून मॅट्रिक पास झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले.

खिशात पैसे नव्हते. वर्तमानपत्रांत लेख लिहावेत, भाषणांच्या स्पर्धांत भाग घ्यावा, शिष्यवृत्ती मिळवावी, आणि त्यातून खर्च भागवावा, असे त्यांचे दिवस चालले होते. त्यांच्याजवळ एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा, असे सांगतात. अशा हालांत ते बी.ए. झाले. पुढे एम.ए.चा अभ्यास करू लागले.

आता घरच्यांना काय वाटले असेल? तुम्हा-आम्हाला वाटते तेच. पोरगा शिकला, आता सरकारी नोकरी लागेल, पगार येईल, घराचे पांग फिटतील. त्या काळी एम.ए. झालेला माणूस म्हणजे मोठीच गोष्ट. पण आगरकरांनी ठरवले होते की पैशामागे लागायचे नाही, पोटापुरते मिळवायचे आणि बाकीचा सगळा वेळ लोकांच्या हितासाठी द्यायचा. हे घरी कसे सांगावे? त्यांनी सरळ आईला पत्र लिहिले. तू माझ्या मोठ्या नोकरीची आशा धरली असशील, पण माझा बेत असा आहे, असे त्यांनी आईला आधीच स्पष्ट कळवले.

या पत्राची गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांचा त्याग मोठा, असे सर्व म्हणतात. ते खरेच आहे. पण आम्हाला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. आईला वाईट वाटेल हे ठाऊक असूनही त्यांनी तिला खरे ते लिहिले. पोर मोठे झाल्याची ही खूण आहे.

आगरकरांनी बोलल्याप्रमाणे केले. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले होते. ते त्या कामात पडले. ते 'केसरी'चे पहिले संपादक झाले. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' पत्र काढले. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. १८९५ साली, चाळिशीही गाठायच्या आत, ते वारले.

ते प्राचार्य असतानाच, १८९३ साली, जमखंडीहून एक तरुण फर्ग्युसनमध्ये दाखल झाला. त्याचे नाव विठ्ठल रामजी शिंदे. घरची गरिबी होती. मॅट्रिक होऊन दोन वर्षे गेली तरी कॉलेजचा खर्च झेपत नव्हता. डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन या संस्थेची मदत मिळाली, म्हणून पुण्याला येता आले. १८९८ साली ते बी.ए. झाले, आणि पुढे इंग्लंडला ऑक्सफर्डपर्यंत शिकून आले. परत आल्यावर त्यांनी काय केले? १९०५ साली याच पुण्यात, अस्पृश्य म्हणून शाळेबाहेर ठेवलेल्या मुलांसाठी, रात्रीची शाळा काढली. दुसऱ्या वर्षी मुंबईत या कामासाठी मोठी संस्था स्थापन केली. ज्याला वाट दाखवली गेली, त्याने मागून येणाऱ्याला वाट दाखवली.

आता आमची गोष्ट

मोठ्या माणसांच्या गोष्टी झाल्या. आता आमची सांगतो. ती मोठी नाही, आणि सांगताना थोडी लाजही वाटते. पण सांगायला हवी.

आमचे गाव माण तालुक्यातले. पाऊस कमी, दगड जास्त. १९७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर होते. आई पाटी उचलायची. त्या घरातून आम्ही १९७६ साली मॅट्रिक झालो. गुण बरे पडले. गाव म्हणाले, "पोरगं हुशार आहे, सायन्सला घाला." सायन्स म्हणजे काय ते गावाला ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. वडिलांनी एक बैल विकला. दहिवडीहून एस.टी. धरली आणि फलटण, जेजुरी, सासवड, दिवे घाट करीत स्वारगेटला उतरलो.

एका पेठेत जुन्या वाड्यात खोली मिळाली. तीत चौघे राहत होतो. जेवण खाणावळीत. पहिल्या दिवशी कॉलेजात गेलो. सर बोलू लागले ते इंग्रजीत. आम्ही इंग्रजी वाचले होते, पण कानांनी कधी ऐकलेच नव्हते. तासभर फळ्याकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सरांनी काही विचारले. आम्ही उठून उभे राहिलो आणि गावच्या बोलीत काही तरी म्हणालो. मागच्या बाकावरची मुले हसली. तेव्हापासून आम्ही वर्गात तोंड उघडले नाही.

पुस्तकांची गोष्ट तशीच. कॉलेजचे ग्रंथालय मोठे होते. पण पुस्तक मागायची चिठ्ठी कशी भरायची ते कळेना. खिडकीशी एकदा रांगेत उभे राहिलो. नंबर आला. काय बोलावे सुचेना. आतले गृहस्थ म्हणाले, "पुढचा." आम्ही बाजूला झालो. चार महिन्यांत त्या ग्रंथालयातले एकही पुस्तक आमच्या हाताला लागले नाही.

खाणावळीत दुसऱ्यांदा भात मागायला संकोच वाटे. पोट अर्धे राही. रात्री घराची आठवण येई. तोंडावर पांघरूण घेऊन रडत असू.

आमच्याच खोलीत मराठवाड्यातला एक मुलगा होता. त्याचे इंग्रजी आमच्याहून कच्चे. पण तो विचारायचा. तास संपला की सरांच्या मागे जायचा. "सर, हे समजलं नाही, मराठीत सांगा," म्हणायचा. मुले त्यालाही हसली. तो त्यांच्याबरोबर हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. ग्रंथालयाच्या शिपायाला त्याने दादा म्हणून हाक मारली आणि चिठ्ठी भरायला शिकून घेतली. त्याने आम्हालाही म्हटले, "चल माझ्यासंगं, तुलाही दाखवतो." आम्ही म्हणालो, "मला येतं." येत नव्हते. तो पुढे इंजिनियर झाला.

आम्ही दर पंधरा दिवसांनी घरी पत्र लिहीत होतो. प्रत्येक पत्रात एकच मजकूर. येथील सर्व खुशाल आहे. अभ्यास चांगला चालला आहे. काळजी नसावी.

असे खोटे का लिहिले? त्याचे कारण आहे. आई-वडिलांना वाचता येत नव्हते. पत्र आले की पोस्टमनदादा आमच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवायचे. शेजारपाजारचे दहा जण ऐकायला जमायचे. पोरगा पुण्याला शिकतोय, म्हणून सगळ्यांना कौतुक. त्या ओट्यावर 'मला काही समजत नाही, मी रोज रडतो' हे कसे वाचले जावे? आईची मान खाली गेली असती. म्हणून लिहिले, सर्व खुशाल आहे.

दिवाळीला गावी गेलो, तो परत आलोच नाही. लोकांना सांगितले, पुण्याची हवा मानवली नाही. बैल गेला तो गेलाच. पुढे अध्यापक विद्यालयात शिकून शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. शिक्षक झाल्याचे दुःख नाही. त्या कामात आम्ही सुखी होतो. पण पुणे सोडले ते विचार करून सोडले नव्हते. पळून गेलो होतो. तेवढे मनात राहिले.

आई काय म्हणाली

नोकरी लागल्यावर चार-पाच वर्षांनी आईने हट्ट धरला, "मला हरिपाठ वाचायला शिकव." आम्ही रोज संध्याकाळी तिला शिकवू लागलो. वर्षभरात ती अडखळत वाचू लागली. एके दिवशी तिने ट्रंकेच्या तळातून एक पुडके काढले. आमची पुण्याची पत्रे! तिने ती सगळी जपून ठेवली होती. एकेक अक्षर लावीत तिने तीन पत्रे वाचली. मग चष्मा काढला आणि म्हणाली, "ह्यात तू कुठं हाईस रं? ही पत्रं मला लिव्हली व्हतीस का पोस्टमनला?"

आम्ही काही बोललो नाही. तेव्हा ती म्हणाली, "मला तवाच वाचता येत असतं, तर तू खरं लिव्हलं असतंस. मी सांगितलं असतं, 'एक साल नापास झालास तर हुं दे. पर पळून येऊ नगंस.'"

बंधुभगिनींनो, आम्ही चाळीस वर्षे शाळेत शिकवले. पण लिहिता-वाचता येण्याचा खरा उपयोग काय, हे आम्हाला त्या दिवशी आईने शिकवले. सही करता यावी, बसची पाटी वाचता यावी, हिशोबात कुणी फसवू नये, हे उपयोग तर आहेतच. पण लांब गेलेल्या आपल्या पोराचे मन मधे कुणी न येता आपल्याला वाचता यावे, हा उपयोग सर्वांत मोठा.

मोठे होणे म्हणजे काय

शहरात आलेली मुले कपडे बदलतात, बोलणे बदलतात. त्याला आपण म्हणतो, पोरगं सुधारलं. ते वरवरचे आहे. आमच्या मते खरी वाढ चार गोष्टींत दिसते.

१. न समजलेले विचारता येणे. अडाणीपणा हा गुन्हा नाही, तो झाकण्यातच नुकसान आहे.

२. आपले काम आपण करता येणे. कपडे धुणे, पैशाचा हिशोब ठेवणे, वेळेवर उठणे. घरी ज्या मुलाने कधी ताट उचलले नाही, तो इथे पंधरा दिवसांत शिकतो.

३. वेगळ्या माणसांबरोबर राहता येणे. एका खोलीत चार जिल्ह्यांची, चार जातींची मुले असतात. ज्याच्या हातचे पाणी घरी प्यायले नसते, त्याच्याच डब्यातली भाजी इथे गोड लागते.

४. अपयश घरी सांगता येणे. ही सर्वांत अवघड गोष्ट आहे. ती एकट्या मुलाच्या हातात नसते. ऐकणारे माणूसही तसे लागते.

मदत आहे, पण मागावी लागते

आज मुलांना आमच्या वेळेपेक्षा पुष्कळ सोयी आहेत. त्या माहीत असाव्यात.

पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू झाली. खेड्यांतून आलेल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय करणे हे तिचे काम. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे. तिला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव दिले आहे. कॉलेजातच ग्रंथालयात, कचेरीत किंवा बागेत काही तास काम करायचे आणि तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. त्यासाठी तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि बँकेचे पासबुक लागते. हे दाखले मूल कॉलेजात जाण्याआधीच काढून ठेवावेत.

मन फार खचले तर त्यासाठीही मदत आहे. १४४१६ हा सरकारचा फोन नंबर आहे. २०२२ पासून ही सोय चालू आहे. फोन फुकट आहे. मराठीत बोलता येते. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना? तसेच हे.

मावशींची पाटी

नोकरी संपल्यावर आम्ही मुलाकडे पुण्याला राहायला आलो. संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घेतो. आमच्या वर्गात एक मावशी येतात. त्या एका मेसमध्ये पोळ्या लाटतात. तिथे शंभरावर मुले-मुली जेवतात. एकदा वर्गात आम्ही ही आमची गोष्ट सांगितली. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, मला ती पोरं लगेच ओळखू येतात. नवं पोरगं असलं की दोन पोळ्यांवर उठतं. माझ्याकडं बघतं, पण मागत नाही."

चार दिवसांनी मावशींनी वहीत एक ओळ लिहून आणली. "गुरुजी, हे बरोबर आहे का बघा." आम्ही वाचले. तिसऱ्या दिवशी मेसच्या भिंतीवर पुठ्ठ्याची पाटी लागली होती. तीवर मावशींच्या हातचे अक्षर होते:

'अजून पोळी पाहिजे तर मागा. लाजु नका. मावशी.'

'लाजू' दीर्घ लिहायला हवे. आम्ही ती चूक दुरुस्त केली नाही. त्या पाटीखाली आम्ही बराच वेळ उभे राहिलो. अशी एक पाटी आमच्या खाणावळीत असती तर!

तुमच्यापैकी कुणी रिक्षा चालवतात, कुणी वॉचमन आहेत, कुणी कॉलेजात शिपाई आहेत, कुणाची खोली भाड्याने दिलेली आहे. तुम्हीही कधी तरी या शहरात नवे होता. बसचा नंबर कुणाला तरी विचारला होता. आता नवे पोर दिसले तर ते विचारील म्हणून थांबू नका. तुम्हीच म्हणा, "काय बाळ, कुठं जायचंय? चल, दाखवतो."

आणि ज्यांचे मूल लांब शिकायला गेले आहे, त्यांना एवढेच सांगणे. आज पोस्टमन ओट्यावर बसून पत्र वाचत नाही. मुलाचा निरोप मोबाईलवर येतो. तो शेजाऱ्याकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा. अडखळत वाचा, पण स्वतः वाचा. 'जेवलास का?' हे तर विचाराच. त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहा, 'काही अडलं असेल तर मला खरं सांग. मी रागावणार नाही.'

मग 'सर्व खुशाल आहे' असे उत्तर आले, तर ते खरे असेल.

शब्दांचे अर्थ

पांग फिटणे – केलेल्या कष्टांचे चीज होणे
ऐपत – खर्च करण्याची ताकद
संकोच – मागायला, बोलायला वाटणारी लाज
मजकूर – पत्रात लिहिलेली गोष्ट
मन खचणे – धीर सुटणे

आठवा आणि सांगा

१. आगरकरांनी आईला पत्रात काय कळवले?
२. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०५ साली पुण्यात काय सुरू केले?
३. गुरुजींनी घरी खरे का लिहिले नाही?
४. खोलीतला दुसरा मुलगा का टिकला?
५. शिष्यवृत्तीसाठी कोणते दाखले लागतात?

लिहून पाहा

१. तुम्ही पहिल्यांदा या शहरात आलात तेव्हा कोणी मदत केली? चार ओळी लिहा.
२. लांब असलेल्या मुलाला, मुलीला किंवा भावाला एक निरोप लिहा. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नका. चुकले तरी चालेल.